कलेक्शन सेंटरवरून गेलेल्या सॅम्पलमध्ये पोटॅशियम सारखं जास्त येतंय, बिघाड नेमका कुठे?

कलेक्शन_तालुका

नमस्कार. सेंटर तालुक्याच्या गावात आहे आणि मेन लॅब ७० किलोमीटरवर जिल्ह्याच्या ठिकाणी. सकाळी ७ ते १० मध्ये १२-१५ पेशंटचं रक्त घेतलं जातं. रनर साडेबाराला डबा उचलतो, लॅबमध्ये पोचायला अडीच-तीन वाजतात.

गेल्या तीन आठवड्यांत बऱ्याच रिपोर्टमध्ये पोटॅशियम ५.८ ते ७.१ आलं. पेशंट तसे ठणठणीत. दोघांनी दुसरीकडे परत तपासलं तर ४.३ आणि ४.५. काही सॅम्पलवर लॅबने ‘हिमोलाइज्ड’ (लाल पेशी फुटलेल्या) असा शेरा मारला होता, पण निम्म्यांचं सिरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळं होणारं पाणी, स्वच्छ पिवळं होतं. एका पेशंटचं पोटॅशियम तर १० च्या वर आणि कॅल्शियम ४.२. शिवाय सीबीसीचे दोन बल्ब (रक्ताच्या नळ्या) ‘क्लॉटेड’, म्हणजे रक्त गोठलेले, म्हणून परत आले.

सध्याची पद्धत अशी: ५ मिलीची सीरिंज आणि २४ गेजची सुई (पेशंट बारीक सुईच मागतात), त्यातून जेल बल्ब (सिरमसाठी), जांभळा (सीबीसीसाठी) आणि राखाडी (शुगरसाठी) बल्ब भरायचे. सगळं लगेच थर्माकोलच्या डब्यात, फ्रीझरमधून काढलेल्या आईस पॅकवर. सेंटरला आठ नळ्यांचं सेंट्रिफ्यूज आहे, पण फिरवायचं काम लॅबमध्येच होतं. मे महिन्याची गरमी असल्यामुळे आईस पॅक दोनाचे चार केले. नेमकं काय चुकतंय?

बायोकेम_बेंच

तुमच्याकडे एक नाही, तीन वेगवेगळे बिघाड आहेत, आणि तिन्हींचा शेवट ‘पोटॅशियम जास्त’ असाच होतो. म्हणून पोटॅशियमचा आकडा एकटा वाचू नका. शेजारी कॅल्शियम काय आहे आणि सिरमचा रंग कसा आहे, हे बघितलं की कारण वेगळं करता येतं.

पहिलं म्हणजे तो १० च्या वरचा रिपोर्ट. पोटॅशियम प्रचंड आणि कॅल्शियम ४.२ म्हणजे जेल बल्बमध्ये ईडीटीए गेलंय. जांभळ्या बल्बमधलं ईडीटीए पोटॅशियमचंच क्षार असतं, आणि ते कॅल्शियमला पकडून ठेवतं म्हणूनच रक्त गोठत नाही. त्याच रिपोर्टमध्ये अल्कलाइन फॉस्फेटेज तपासलं असेल तर तेही पडलेलं दिसेल, कारण त्या एन्झाइमला लागणारं जस्त आणि मॅग्नेशियमही ईडीटीए ओढून घेतं. असं कॅल्शियम खरंच असतं तर माणसाला झटके आले असते. हे मुख्यतः दोन वाटांनी होतं. एक तर जेल बल्ब कमी भरला म्हणून जांभळ्यातलं थोडं रक्त त्यात ओतलं, किंवा सीरिंजचं तोंड आधी जांभळ्या बल्बच्या भिंतीला लागलं आणि मग जेलला. ओतणं सर्रास चालतं आणि ते ताबडतोब थांबलं पाहिजे. एका बल्बमधून दुसऱ्यात एक थेंबही नाही. झाकणं उघडी ठेवून भरत असाल तर त्यांची अदलाबदल होणंही तितकंच वाईट.

दुसरं, ‘हिमोलाइज्ड’ शेऱ्याची सॅम्पल. लाल पेशीच्या आत सिरमच्या वीसपटीहून जास्त पोटॅशियम असतं. पेशी फुटल्या की ते बाहेर येतं, सोबत एलडीएच, एएसटी ही एन्झाइम आणि फॉस्फरसही वाढतात. कॅल्शियम मात्र जवळपास जागेवर राहतं. याचं मूळ रक्त घेण्याच्या पद्धतीत असतं, त्यावर दुसरं कोणी लिहील तर बरं.

तिसऱ्याकडे सगळ्यांचंच दुर्लक्ष होतं, आणि तुमची निम्मी सॅम्पल त्यातलीच आहेत: सिरम स्वच्छ, कॅल्शियम नॉर्मल, पोटॅशियम जास्त. हा त्या आईस पॅकचा प्रताप आहे. लाल पेशीच्या भिंतीवर सोडियम-पोटॅशियम पंप असतो. पोटॅशियम सतत बाहेर झिरपत असतं आणि पंप ते परत आत ढकलत राहतो. चार अंशांजवळ हा पंप जवळजवळ थांबतो, झिरपणं मात्र चालू राहतं. पेशी फुटत नाही, म्हणून रंग बदलत नाही आणि कोणाला संशयही येत नाही. सकाळी साडेसातला घेतलेलं रक्त न फिरवता तीन वाजेपर्यंत बर्फावर ठेवलं, म्हणजे सात-साडेसात तास. तुमचे आकडे यात बसतात. तुम्ही आईस पॅक दोनाचे चार केले तेही साधारण याच तीन आठवड्यांत असावं.

म्हणजे गारवा वाईट असं नाही. क्रम उलटा झालाय. आधी सिरम पेशींपासून वेगळं करायचं, मग गार करायचं. सेंट्रिफ्यूज सेंटरवर आहे, तर फिरवणं तिथेच झालं पाहिजे. जेल बल्ब भरल्यावर हलक्या हाताने पाच वेळा उलटसुलट करा, स्टँडमध्ये उभा ठेवा, खोलीच्या तापमानाला ३० मिनिटं. रक्त पातळ करण्याची औषधं चालू असतील तर गोठायला जास्त वेळ लागतो. अर्धवट गोठलेलं फिरवलं तर सिरममध्ये फायब्रिनचे धागे राहतात आणि मशीनची सुई अडकते. रक्त घेतल्यापासून दोन तासांच्या आत सिरम वेगळं झालेलं हवं. जेलची भिंत पूर्ण आणि सलग बसलीय हे डोळ्यांनी बघा. मग तो बल्ब २ ते ८ अंशांवर खुशाल पाठवा.

सेंट्रिफ्यूजवर फक्त फेऱ्या लिहिलेल्या असतात, पण बल्बच्या कंपनीने ‘जी’ (गुरुत्वाकर्षणाच्या किती पट जोर) सांगितलेला असतो, बहुतेक जेल बल्बना १००० ते १३०० जी. हिशेब असा: ०.००००१११८ गुणिले त्रिज्या सेंटीमीटरमध्ये गुणिले फेऱ्यांचा वर्ग. त्रिज्या म्हणजे मधल्या दांड्यापासून फिरताना बल्बच्या तळापर्यंतचं अंतर. १० सेंटीमीटर त्रिज्येला ३५०० फेऱ्या म्हणजे सुमारे १३७० जी, थोडं जास्त. ३३०० वर आणलं की १२१७ होतात. त्याच ३५०० फेऱ्या १५ सेंटीमीटरच्या मशीनवर २०५० जीच्या पुढे जातात. म्हणून ‘शेजारच्या लॅबमध्ये ३५०० वरच फिरवतात’ याला अर्थ नाही. बल्ब आडवे होणारं मशीन असेल तर १० मिनिटं, तिरक्या खाचांचं असेल तर १५.

आणि एक अगदी महत्त्वाचं. फिरवलेला जेल बल्ब पुन्हा कधीच फिरवायचा नाही. जेलच्या खाली पेशींना चिकटून राहिलेलं, पोटॅशियमने भरलेलं सिरम वर येतं. मेन लॅबमध्ये ‘एकदा आमच्याकडे फिरवून घेऊ’ अशी सवय असते. तुमचे बल्ब ‘फिरवलेले’ म्हणून वेगळ्या रॅकमध्ये, वेळ लिहून पाठवा.

ड्रॉ_स्टेशन

हिमोलिसिसचं मी लिहिते.

२४ गेज बदला. मोठ्यांच्या कोपरातल्या शिरेला २१ किंवा २२, बारीक शिरेला २३. बारीक सुईतून रक्त येईना की हात आपोआप दट्ट्या जोरात ओढतो, सीरिंजमध्ये फेस दिसतो, आणि पेशी तिथेच फुटलेल्या असतात. दट्ट्या इतकाच ओढायचा की रक्त त्याच्या मागोमाग येत राहील, मध्ये पोकळी दिसता कामा नये. पेशंटला दुखतं ते सुईच्या जाडीपेक्षा ओल्या स्पिरिटमुळे आणि आत शिरल्यावर सुई इकडेतिकडे फिरवल्यामुळे. ७० टक्के अल्कोहोल लावल्यावर ३० सेकंद आपोआप वाळू द्या. फुंकर नाही, कापसाने पुसणं नाही, वाळल्यावर परत बोट लावून शीर चाचपणं नाही. ओलं स्पिरिट सुईबरोबर आत गेलं तर पेशीही फुटतात.

पट्टा टोचायच्या जागेच्या चार बोटं वर, जास्तीत जास्त एक मिनिट. शीर शोधण्यातच मिनिट गेलं तर सोडा, दोन मिनिटं थांबा, परत बांधा. जास्त वेळ बांधून ठेवलं तर पाणी शिरेबाहेर जातं आणि प्रोटीन, कॅल्शियम, कोलेस्टेरॉल खोटं वाढतं. रक्त येऊ लागलं की पट्टा सोडा, सुई काढायच्या आधी तर नक्कीच, नाहीतर निळं गाठोडं येतं.

मूठ उघड-बंद करायला सांगू नका! ‘मूठ आवळा, सोडा, आवळा’ हे महाराष्ट्रभर प्रत्येक सेंटरवर ऐकू येतं. कोपराखालच्या स्नायूंतून पोटॅशियम त्याच शिरेत उतरतं. कधीकधी एक-दीड अंकाचा फरक केवळ याने पडतो, आणि सिरम तिथेही स्वच्छच असतं. फक्त मूठ मिटून ठेवायला सांगा, बस.

शीर निवडताना कोपराच्या मधोमधची आधी बघा, मग अंगठ्याच्या बाजूची. करंगळीच्या बाजूची सगळ्यात शेवटी, कारण तिच्याजवळ धमनी आणि मोठी नस दोन्ही असतात. सुई १५ ते ३० अंशांत, तिरपा कापलेला भाग वर. टोचताक्षणी बोटांपर्यंत करंट गेल्यासारखं वाटलं असं पेशंट म्हणाला तर लगेच सुई बाहेर, त्या हातावर परत प्रयत्न नाही. एका माणसाने दोनदाच प्रयत्न करायचा. सुई काढल्यावर हात सरळ ठेवून कापूस दाबायचा, दोन-तीन मिनिटं. कोपर दुमडून बसवायची पद्धत सोडा, कापूस सरकतो आणि आत रक्त साचतं.

सलाइन चालू असलेल्या हातातून घेऊ नका, दुसऱ्या हातातून घ्या. स्तनाची शस्त्रक्रिया झालेल्या बाजूचा हात डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

सीबीसी_काउंटर

ताईंनी बरोबर लिहिलंय. क्लॉटेड सीबीसीबद्दल: सीरिंजने घेत असाल तर जांभळा बल्ब सगळ्यात आधी भरा. सीरिंजमध्ये रक्त थांबलं की गोठायला सुरुवात होते, जेल बल्ब तर गोठवायचाच असतो, तो शेवटी भरला तरी चालतो. जांभळा भरल्यावर लगेच ८-१० वेळा उलटसुलट करा.

बायोकेम_बेंच

@सीबीसी_काउंटर, उलटसुलट करण्याबद्दल पूर्ण सहमत, क्रमाबद्दल नाही. जांभळा आधी भरला की सीरिंजचं तोंड ईडीटीएच्या फवाऱ्याला लागतं आणि मग तेच जेल बल्बमध्ये जातं. याच धाग्यातला १० च्या वरचा रिपोर्ट कदाचित तसाच झाला असेल. सीरिंज असो वा व्हॅक्युम, क्रम एकच ठेवा: ब्लड कल्चर असेल तर ते पहिलं, मग निळा सायट्रेट, मग लाल किंवा जेल, मग हिरवा, मग जांभळा, शेवटी राखाडी. गोठण्याची भीती खरी आहे, पण तिचा उपाय वेग हा आहे. बल्ब आधीच रॅकमध्ये क्रमाने लावून ठेवा. एका हाताशी सगळं असेल तर तीन बल्ब अर्ध्या मिनिटात भरून होतात. जेल बल्ब उलटसुलट करत बसायच्या आधी जांभळा भरून घ्या.

सुई लावलेली ठेवून, दट्ट्या दाबून बल्बमध्ये रक्त मारू नका, हिमोलिसिसचं हे दुसरं मोठं कारण. साधं झाकण असलेला बल्ब असेल तर सुई काढून, तोंड भिंतीला टेकवून रक्त हळू ओघळू द्या. सुई हाताने पिरगाळून काढायची नाही, शार्प्सच्या डब्यावर खाच असते, तिच्यात अडकवून काढा. व्हॅक्युमचा बल्ब असेल तर तो हातात न धरता रॅकमध्ये ठेवा, एका हाताने वरून टोचा आणि बल्ब स्वतः ओढेल तेवढंच जाऊ द्या. खरं सांगायचं तर दिवसाला १५ पेशंट असतील तर होल्डर आणि व्हॅक्युमची सुई हाच मार्ग. रक्त सीरिंजमध्ये थांबतच नाही, क्लॉट, फेस आणि सुई हाताळणं तिन्ही एकदम कमी होतात.

निळ्या बल्बचं एक: २.७ मिली रक्ताला ०.३ मिली सायट्रेट, एकास नऊ. नव्वद टक्क्यांपेक्षा कमी भरला तर पीटी-एपीटीटी (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेच्या तपासण्या) खोटं लांबतं, रिजेक्टच होणार. बटरफ्लायने (बारीक नळी जोडलेल्या सुईने) घेताना निळाच पहिला असेल तर आधी एक रिकामा बल्ब लावून नळीतली हवा काढून टाका, नाहीतर निळ्यात तेवढं रक्त कमी जातं.

कलेक्शन_तालुका

खूप उपयोगी. दोन शंका. एक, फिरवलेले जेल बल्ब गार आणि बाकीचे खोलीच्या तापमानाला, असं एकाच डब्यात मे महिन्यात कसं करायचं? दुपारी गाडीत ४० च्या वर जातं. दुसरं, शुगरसाठी राखाडी बल्ब संपले तर जेलमधून केलं तर चालतं का?

ट्रान्सपोर्ट_डबा

जांभळा बल्ब खोलीच्या तापमानाला सीबीसीसाठी चोवीस तास टिकतो, पण ४० अंश म्हणजे खोलीचं तापमान नव्हे. तिथे पेशी सुजतात, फुटतात. दोन छोटे डबे वापरा. गार डब्यात फिरवलेले जेल बल्ब. त्यातही आईस पॅक फ्रीझरमधून काढून थेट बल्बला टेकवायचा नाही, बाहेर ठेवून त्यावर पाणी सुटू द्या, मध्ये पुठ्ठा घाला. बल्ब पॅकला चिकटला तर तिथलं रक्त बर्फासारखं थिजून पेशी फुटतात. दुसऱ्या डब्यात जांभळे, राखाडी, निळे. तिथे २० ते २५ अंशांच्या आसपास ठेवायला फ्रीझरचा नाही, फ्रीजच्या खालच्या कप्प्यातला एखादा पॅक फडक्यात गुंडाळून पुरतो. प्रत्येक डब्यात साधा डिजिटल थर्मामीटर टाका आणि निघताना-पोचताना आकडा लिहा. याशिवाय बाकी सगळा अंदाज.

पीटीचा बल्ब कधीही गार करू नका. ब्लड कल्चरच्या बाटल्यांनाही फ्रीज नको. सीबीसीत प्लेटलेट किंवा मलेरियाची शंका असेल तर सेंटरवरच रक्ताची काच (स्लाइड) बनवून वाळवून पाठवा.

बल्ब उभे, रॅकमध्ये. रॅक झाकण घट्ट बसणाऱ्या प्लॅस्टिक डब्यात, आत सांडलं तर शोषून घ्यायला कापूस किंवा टिश्यू, आणि तो डबा मग बाहेरच्या कडक डब्यात. फॉर्म वेगळ्या पिशवीत बाहेरून, रक्ताबरोबर नाही.

शुगर: न फिरवलेल्या रक्तात पेशी साखर खात राहतात, खोलीच्या तापमानाला तासाला ५ ते ७ टक्के, उन्हाळ्यात जास्त. चार तास तसंच पडलं तर १०० चे ८० होऊ शकतात. पण अर्ध्या-पाऊण तासात फिरवून जेलच्या वर आलेल्या सिरममधली साखर टिकते, तेव्हा पद्धत पाळली तर जेलमधून चालतं, लॅबला तसं कळवून. राखाडीवर आंधळा भरवसाही नको. फ्लोराइड साखळीतल्या खालच्या एन्झाइमला अडवतं, त्यामुळे पहिले एक-दोन तास साखर थोडी उतरतच राहते.

ड्रॉ_स्टेशन

लेबलचं राहिलं. रक्त घेतल्यानंतर, पेशंट समोर बसलेला असतानाच लेबल लावायचं. आधी लावून ठेवलेल्या बल्बमुळे आणि नंतर टेबलवर एकदम लावलेल्या लेबलमुळेच अदलाबदल होते. ‘तुम्ही पाटील ना?’ असं विचारू नका, लोक मान डोलावतात. ‘पूर्ण नाव आणि वय सांगा’ असं विचारा. एकाच गावातून एकाच आडनावाचे चौघे एका सकाळी येतात, तेव्हा नावासोबत वय किंवा नोंदणी क्रमांक, अशा दोन खुणा जुळल्याच पाहिजेत. वेळही लिहा. दोन तासांचा हिशेब तिच्याशिवाय लागत नाही.

सेफ्टी_कोपरा

सुई काढण्याबद्दल चर्चा झाली म्हणून हे. झाकण परत लावायचं नाही. रक्ताच्या सुया पांढऱ्या, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात, तो तीन चतुर्थांश भरला की बंद. सुई काढलेली सीरिंज आणि हातमोजे लाल पिशवीत, रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार हे सेंटरलाही लागू आहे, आणि रक्ताने माखलेला पिवळ्या पिशवीतला कचरा ४८ तासांपेक्षा जास्त साठवता येत नाही. रक्त सांडलं तर टिश्यू टाकून त्यावर १ टक्का हायपोक्लोराइट, २० मिनिटं. बाजारातलं ५ टक्क्यांचं असेल तर एक भाग त्यात चार भाग पाणी. रोज ताजं, शिळं झालं की जोर उतरतो.

सुई टोचली तर साबण-पाण्याने धुवा. पिळून रक्त काढायचं नाही, स्पिरिट किंवा ब्लीच ओतायचं नाही. एचआयव्हीसाठी पीईपी (संसर्ग टाळायला टोचल्यानंतर घ्यायचं औषध) शक्यतो २ तासांत सुरू व्हावं, ७२ तासांनंतर उपयोग नाही, आणि २८ दिवस पूर्ण घ्यावं लागतं. जवळच्या सरकारी रुग्णालयात ते कुठे मिळतं हे आजच विचारून नंबर भिंतीवर लावा. हिपॅटायटिस बी चं भय त्याहून मोठं आहे. एचआयव्हीचा धोका हजार टोचण्यांत सुमारे तीन, बी चा लस न घेतलेल्याला शंभरात ३० पर्यंत जाऊ शकतो. ०, १ आणि ६ महिन्यांची लस, आणि शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटिबॉडी १० च्या वर आहे का, हे बघायलाच हवं. सेंटरवर रक्त घेणारे, डबा उचलणारा रनर, झाडणाऱ्या मावशी, सगळे यात येतात.

बायोकेम_बेंच

एक सावधगिरी. आता कारण सापडलं म्हणून पुढचं प्रत्येक ६.५ ‘बर्फाचं’ समजू नका. किडनीचा पेशंट, डायलिसिसवाला, रक्तदाबाच्या काही गोळ्या किंवा स्पायरोनोलॅक्टोन चालू असलेला, यांचं पोटॅशियम खरंच वाढतं आणि त्यात हृदय थांबू शकतं. ६ च्या वर आलं की डॉक्टरांना फोन, त्याच दिवशी नवीन सॅम्पल, ईसीजीचा निर्णय त्यांचा. परत घेताना मूठ न हलवता घ्या, सेंटरवर फिरवा. प्लेटलेट ५ लाखांच्या वर असतील तर हिरवा हेपॅरिनचा बल्बही सोबत घ्या. गोठताना प्लेटलेटमधून पोटॅशियम सुटतं, हिरव्या बल्बमधल्या न गोठलेल्या प्लाझ्मामध्ये ते होत नाही. दोन्हींत फरक दिसला तर तेच कारण.

कलेक्शन_तालुका

कळलं. उद्यापासून २२ गेज, सेंटरवर फिरवणं आणि दोन डबे. त्रिज्या मोजली, ९ सेंटीमीटर आली.

बायोकेम_बेंच

९ ला ३५०० फेऱ्यांत सुमारे १२३० जी. आहे तसंच ठेवा, बल्ब आडवे होत असतील तर १० मिनिटं, तिरक्या खाचा असतील तर १५. समोरासमोरचे बल्ब सारख्या वजनाचे ठेवा, एकच बल्ब असेल तर समोर तेवढंच पाणी भरलेला.